बहिऱ्या संख्या

दोनाचं वर्गमूळ कोणत्याच अपूर्णांकात मांडता येत नाही. अशा मुळाला इंग्रजी पाठ्यपुस्तकं ‘सर्ड’ म्हणतात. हा शब्द लॅटिनमधल्या ‘सुर्दुस’वरून आला, आणि त्याचा अर्थ बहिरा. संख्येला बहिरेपण कुठून आलं, याचा शोध घेतला की गणितापेक्षा भाषांतराचाच इतिहास हाती लागतो.

युक्लिडच्या ग्रंथाच्या दहाव्या भागात रेषांचे दोन वर्ग आहेत: ‘ऱ्हेतोस’, म्हणजे सांगता येण्याजोगी, आणि ‘आलोगोस’, म्हणजे जिला लोगोस नाही ती. ग्रीकमध्ये लोगोस म्हणजे वाणी, विवेक आणि गुणोत्तरसुद्धा. गणितात अभिप्रेत होतं ते गुणोत्तर. (एक बाजू एक असलेल्या चौरसाचा कर्ण युक्लिड ‘सांगता येण्याजोग्या’ रेषांतच घालतो, कारण त्याचा वर्ग तरी सांगता येतो. आजची परिभाषा ही उदारता दाखवत नाही.) अरबी गणितज्ञांनी वाणीचा धागा धरला. त्यांच्या एका संख्या ‘मुंतक’, बोलक्या. दुसऱ्या ‘असम्म’, बहिऱ्या. उर्दूतलं ‘मंतिक’ या मुंतकचंच भावंड. बाराव्या शतकात तोलेदोमध्ये क्रेमोनाच्या जेरार्डने अरबी ग्रंथ लॅटिनमध्ये आणले, तेव्हा असम्मचं सुर्दुस झालं. ‘इर्रॅशनल’ या शब्दात मात्र विवेकाचा अर्थ ऐकू येतो. म्हणजे इंग्रजीत बिचारी एकच संख्या बहिरीही आणि अविवेकीही.

आपल्याकडे वाट वेगळी होती. शुल्बसूत्रांत वेदी आखायची ती दोरीने. दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस ‘करणारी’ बाजू म्हणजे द्विकरणी. बौधायनाने तिची किंमत दिली ती ५७७/४०८ इतकी येते. दशांशाच्या पाच स्थळांपर्यंत बरोबर. ती अपूर्णांकात बसणारच नाही, याची सिद्धता तिथे नाही, तेव्हा छाती फुगवायचं कारण नाही. पण नावात दोषारोपही नाही. बाराव्या शतकातल्या भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’त करण्यांची बेरीज, गुणाकार, भागाकार अगदी सहज चालतात. (मराठी शाळकरी मुलांना करणी म्हटल्यावर लिंबू-मिरची आठवते, तो भाग निराळा.)

आधुनिक परिभाषा घडवताना मराठी-हिंदीने ‘परिमेय’ आणि ‘अपरिमेय’ घेतले. मला हे कधीच पटलं नाही. चौरसाचा कर्ण डोळ्यांसमोर असताना तो मोजण्यापलीकडचा कसा? कन्नडमध्ये ‘भागलब्ध’ आणि ‘अभागलब्ध’, तमिळमध्येही गुणोत्तरावर बेतलेली अशीच जोडी. सगळीकडे नकार एकाच बाजूला लागलेला. अपवाद तेलुगूचा. तिथे अपूर्णांकात मावणाऱ्या संख्या ‘अकरणीय’ आणि न मावणाऱ्या ‘करणीय’. आपली जुनी करणी त्यात लगेच ओळखू येते.

१८७४ साली गेऑर्ग कॅन्टरने दाखवलं, की सगळ्या वास्तव संख्या एक, दोन, तीन अशा ओळीत उभ्या करता येत नाहीत. परिमेय संख्या मात्र करता येतात. म्हणजे संख्यारेषेवर बहुमत आहे ते बहिऱ्यांचं, आणि बोलक्या त्यांच्यापुढे नगण्य. तेलुगू नावं या प्रमाणाशी जास्त जुळतात. कमी असलेल्यांना ‘अ’ लागतो. तेलुगूतून गणिताचं पान मराठीत आणायचं, तर प्रत्येक ओळीत हा ‘अ’ उचलून पलीकडच्या शब्दाला जोडावा लागतो.