खोताची वाडी आणि 'इथले' लोक

मंडळी, मागच्या शनिवारी गिरगावात एक काम होतं. ते दहा मिनिटांत उरकलं, आणि गावाकडे जाणारी विदर्भ एक्सप्रेस संध्याकाळची. मग काय, बरेच दिवस मनात असलेली खोताची वाडी एकदाची पायी हिंडून झाली.

आधी थोडं अवांतर. माझं गाव बिरसी, जिल्हा गोंदिया. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी तिथे धावपट्टी बांधली, म्हणून आज ते विमानतळाचं गाव. आमची घरं मातीची, वर कवेलू, आणि दिवाळीला चुन्यात नीळ घालून रंगवलेल्या भिंती. रंगीत घर म्हणजे मला एवढंच ठाऊक. पुढे कंपनीने दोन वर्षं सिंगापूरला पाठवलं, तेव्हा जू चियाट भागातली पेरानाकन घरं पाहिली. गुलाबी, पोपटी, पिवळी, आणि भिंतींवर फुलाफुलांच्या फरशा. चिनी व्यापारी मलय मुलखात आले, तिथल्या बायकांशी लग्नं केली, त्यांचे हे वंशज. त्यांची बोली मलय वळणाची. 'पेरानाकन' या शब्दात मलय भाषेतला 'अनक' म्हणजे मूल हा शब्द आहे. थोडक्यात, 'इथेच जन्मलेले'. हा अर्थ माझ्या डोक्यात अडकून बसला होता.

तर खोताची वाडी. चर्नी रोड स्टेशनहून चालत दहा मिनिटं (२०२५ पासून गिरगावला भुयारी मेट्रोही थांबते). मोठ्या रस्त्यावरून आत वळलं की आवाज एकदम कमी होतो. गल्ली अरुंद, दोन्हीकडे एकमजली लाकडी घरं, उतरती मंगळुरी कौलं, समोर ओटा आणि वर जायला घराबाहेरून जिना. निळं, लाल, पिवळं, जो तो आपल्या मर्जीने. मध्येच एक क्रूस. मुंबईत असे बरेच क्रूस १८९६ च्या प्लेगनंतर उभे राहिले.

वाडीला नाव मिळालं ते दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांवरून. त्यांनी जमिनीचे तुकडे ईस्ट इंडियन कुटुंबांना विकले. घरं पाहून फिरायला आलेले लोक "अगदी पोर्तुगाल!" म्हणतात. मीही मनात तेच म्हटलं होतं. पण हे लोक पोर्तुगालचे नव्हेत. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली, त्यानंतर साष्टी-वसई-मुंबईतल्या कोळी, भंडारी, कुणबी वगैरे घरांतले जे ख्रिस्ती झाले, त्यांचे हे वारस. घरातली बोली मराठीच. लग्नाच्या आदल्या दिवशी विहिरीवरून 'उंबराचं पाणी' आणतात, बायका लुगडं नेसत.

मग 'ईस्ट इंडियन' हे इंग्रजी नाव कशाला? आमच्या धंद्यात याला नेमस्पेसची भानगड म्हणतात :) एकोणिसाव्या शतकात गोव्याहून आणि मंगळूरहून कामाच्या शोधात बरेच कॅथलिक मुंबईत आले. त्यांचीही आडनावं डिसोझा, परेरा, आणि सरकारदरबारी सगळे एकाच रांगेत. आपण कंपनी सरकारची जुनी प्रजा, मूळचे इथले, हे दाखवायला यांनी १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वर्षी, हे नाव घेतलं. 'आम्ही इथलेच' सांगायला घेतलेलं नाव आज ऐकणाऱ्याला परदेशी वाटतं!

एका ओट्यावर एक बाई बसल्या होत्या. मी अदबीने "आंटी, फोटो काढू का?" असं इंग्रजीत विचारलं. उत्तर आलं, "काढ ना. पण मराठीत विचारलंस तरी चालेल." मी ओशाळलो. मग गाव विचारलं. गोंदिया म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "तिकडे मराठी बोलतात होय?"

पुण्यात हा प्रश्न मला हजारदा विचारला गेलाय. माझी आजी झाडीबोली बोलायची, आणि हॉस्टेलवर मी ती चार महिन्यांत गिळून टाकली होती. बाईंना हे सांगितलं, तर त्या बराच वेळ हसल्या. म्हणाल्या, त्यांना तर दर आठवड्याला कोणीतरी विचारतं, तुम्ही एवढी छान मराठी कुठे शिकलात.

पासष्टेक घरांपैकी आता तीसही उरलेली नाहीत. १९९५ च्या वारसा नियमावलीने वाडीला नाव दिलं, पण लाकडाची डागडुजी परवडत नाही, वारस अनेक, आणि जमिनीचा भाव तर विचारूच नका. गंमत म्हणजे भाडी गोठवणारा कायदा मुंबईत १९४७ चा आणि सिंगापुरातही १९४७ चाच. तिथे तो २००१ मध्ये रद्द झाला. जू चियाट १९९३ मध्येच संरक्षित झालं होतं, त्यामुळे घरं राहिली. आपल्याकडे १९९९ च्या नव्या कायद्यातही जुन्या भाडेकरूंचं संरक्षण कायम आहे. भाडेकरूंना बाहेर काढा असं मी मुळीच म्हणत नाही. पण तुटपुंज्या भाड्यात कौलं कोण बदलणार, याचं उत्तर कोणीच दिलेलं नाही. आणि सिंगापुरातली ती सुंदर घरं आता कोणाला परवडतात, हेही विचारायला हवंच. असो.

निघताना बाईंनी बॉटल मसाल्याची बाटली दाखवली. वीसेक जिन्नस उन्हाळ्यात वाळवून, भाजून, कुटून बिअरच्या तपकिरी बाटलीत ठासायचे, म्हणजे उजेड लागत नाही. "मे महिन्यात ये, देईन," म्हणाल्या. मी "येतो जी" म्हटलं. हा 'जी' गावाकडचा. कित्येक वर्षांत मुंबईत तोंडून निघाला नव्हता.