बी आणि माती

परवा आमच्या आळीतले एक कास्तकार ओट्यावर बसले होते. म्हणाले, "गुरुजी, बियाणं एकाच पिशवीतलं. वरच्या वावरात कपाशी छातीला लागते अन्‌ खालच्यात गुडघ्यापर्यंतसुद्धा नाही!" जामनेरात यात नवल ते काय? मला मात्र १८८९ साल आठवले.

त्या वर्षी स्टीफन पॅजेट नावाच्या लंडनच्या शल्यचिकित्सकाने 'लॅन्सेट'मध्ये एक लेख लिहिला. स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ रुग्णांच्या नोंदी त्याने तपासल्या. यकृतात २४१ जणांच्या गाठी पसरलेल्या, प्लीहेत अवघ्या १७. रक्त तर दोन्हीकडे भरपूर जाते! मग त्याने म्हटले, बी सगळीकडे उडते, पण रुजते मानवेल त्या मातीतच.

आपल्याकडे पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे (१९१७-२००१) यांनी मुंबईच्या कर्करोग संशोधन केंद्रात हाच रोग अभ्यासला. संप्रेरके आणि विषाणू यांचा त्याच्याशी काय संबंध, हे त्यांनी उंदरांवर प्रयोग करून शोधले. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले.

आज डॉक्टर गाठीबरोबर तिचा शेजारही पाहतात. काही प्रकारच्या गाठींत लढाऊ पांढऱ्या पेशी दाटीने शिरलेल्या असल्या, तर रुग्ण बरी होण्याची आशा वाढते. उलट काही शेजारी पेशी फितूर होऊन गाठीलाच रसद पुरवतात.

२०२३ साली टाटा रुग्णालयाचे डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. ११ केंद्रे, १६०० स्त्रिया. निम्म्या जणींना शस्त्रक्रियेच्या जरा आधी गाठीभोवती लिडोकेन, म्हणजे बधिर करायचे साधे, स्वस्त औषध टोचले. पाच वर्षांनी त्यांच्यातल्या ९०.१ टक्के हयात होत्या, इतरांत ८६.४ टक्के. औषध गाठीत नाही, गाठीभोवती, हे लक्षात घ्या.

हे सगळे वाचताना आमची आक्का डोळ्यांपुढे येते. वर्षभर तिने गाठ पदराआड लपवली. शेवटी शेवटी विचारायची, "भाऊ, माझं काय चुकलं रे?" तेव्हा मला उत्तर देता आले नाही. आज सांगितले असते, आक्का, माती कशी निघावी हे मातीच्या हातात नसते. तुझे काहीच चुकले नाही. फक्त आम्हाला लवकर सांगायला हवे होतेस. आणि तुला सांगावेसे वाटेल असे घर आम्ही ठेवायला हवे होते.

असो. आयाबहिणींनो, गाठ लागली तर आजच बोला.