मुंबईची एकोणचाळीस मिनिटे

#धागा

१/ घड्याळात बारा वाजतात तेव्हा सूर्य माथ्यावर असतो, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. प्रत्यक्षात मुंबईत सूर्य माथ्यावर येतो तो सरासरीने बारा वाजून एकोणचाळीस मिनिटांनी. या ३९ मिनिटांवरून मुंबई शहर आणि सरकार यांच्यात जो वाद पेटला, त्याचा शेवट व्हायला जवळपास पाऊणशे वर्षे लागली. वेळ नेमकी कोणाची, हा त्या वादाचा गाभा होता.

२/ घड्याळे घरोघरी येण्यापूर्वी दिवस सूर्योदयापासून मोजला जाई. अहोरात्राच्या ६० घटिका, एका घटिकेची ६० पळे. म्हणजे घटिका २४ मिनिटांची आणि पळ २४ सेकंदांचे. बुडाला बारीक छिद्र असलेले तांब्याचे घटिकापात्र पाण्यावर तरंगत ठेवायचे. ते भरून बुडाले की एक घटिका झाली. लग्नाचा मुहूर्त असाच साधला जाई.

३/ प्रत्येक गावाची वेळ निराळी असते, हे जुन्या ज्योतिर्विदांना चांगले ठाऊक होते. त्यांची मध्यरेखा उज्जयिनीवरून जाई आणि इतर गावांसाठी गणितात ‘देशांतर’ संस्कार करावा लागे. मात्र हा फरक गणित्याच्या पाटीपुरताच राही. सामान्य माणसाला आपल्या गावच्या उन्हाशी कर्तव्य. परगावचा सूर्य किती वर आला, याची चौकशी करण्याचे त्याला कारणच नसे.

४/ वैशेषिक दर्शनाने काळाला नऊ द्रव्यांत स्थान दिले. काळ एकच आहे, नित्य आहे, सर्वव्यापी आहे. क्षण, दिवस, महिना हे त्याचे तुकडे नव्हेत, तर सूर्याच्या गतीसारख्या उपाधींमुळे आपण केलेले भेद आहेत, असे हे मत. भर्तृहरीने काळाला विश्वयंत्राचा सूत्रधार म्हटले. काळ एक आणि त्याची मापे अनेक, ही कल्पना येथे नवी नव्हती. नवा होता तो एकच माप सर्वांवर लादण्याचा हुकूम.

५/ त्या हुकमाची गरज आगगाडीने निर्माण केली. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली. १८७० साली जबलपूरमार्गे मुंबई आणि कलकत्ता लोहमार्गाने जोडले गेले. पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटे घेते. ग्रीनिचच्या पुढे मुंबई ४ तास ५१ मिनिटे, मद्रास ५ तास २१ मिनिटे, तर कलकत्ता ५ तास ५३ मिनिटे. एकाच गाडीचे वेळापत्रक कोणत्या शहराच्या घड्याळाने छापायचे?

६/ रेल्वेने मद्रासची वेळ स्वीकारली. मद्रासला १७९२ पासून वेधशाळा होती आणि ते शहर रेखांशाने मुंबई व कलकत्ता यांच्या मधोमध पडत होते. मुंबईकराला तेवढ्याने फारसा त्रास नव्हता. स्टेशनवरचे घड्याळ अर्धा तास पुढे असते, एवढे ध्यानात ठेवले की गाडी चुकत नसे. स्टेशनाबाहेर शहर आपल्याच वेळेने चाले.

७/ वाद पेटला १८८१ साली. गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी मुंबईतील सरकारी कचेऱ्यांना मद्रासची वेळ लागू केली. शहराने ती मानली नाही. तीनच वर्षांपूर्वी पूर्ण झालेल्या राजाबाई मनोऱ्यावरील विद्यापीठाचे घड्याळ मुंबईचीच वेळ दाखवील, असा निर्णय विद्यापीठाच्या सिनेटने घेतला. त्यावर, रात्री या घड्याळावर उजेड ठेवण्याचा खर्च देणार नाही, असा पवित्रा सरकारने घेतला. अखेर १८८३ मध्ये सरकारलाच माघार घ्यावी लागली.

८/ दरम्यान जग बदलत होते. १८८४ च्या वॉशिंग्टन परिषदेत ग्रीनिचची रेखा शून्य रेखांश ठरली. हिंदुस्थानासाठी ८२॥ अंशांची, मिर्झापूरजवळून जाणारी रेखा निवडली गेली आणि १ जानेवारी १९०६ पासून ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढची प्रमाण वेळ सुरू झाली. कलकत्त्याला घड्याळ सुमारे २३ मिनिटे, म्हणजे जवळपास एक घटिका, मागे घ्यायचे होते. मुंबईला ३९ मिनिटे पुढे.

९/ कागदावर हा किरकोळ फेरबदल होता. गिरणगावात तो तसा नव्हता. जानेवारीच्या आरंभी मुंबईत सूर्य प्रमाण वेळेप्रमाणे सव्वासातच्या सुमारास उगवतो. भोंगा नव्या घड्याळाने सहाला वाजला, तर उजाडायला सव्वा तास असतानाच कामगाराला फाटकाशी उभे राहावे लागणार. त्याच सुमारास विजेच्या दिव्यांमुळे गिरण्यांचे तास आधीच लांबले होते. प्रौढ पुरुषांच्या कामावर बारा तासांची मर्यादा घालणारा कायदा यायला अजून पाच वर्षे होती.

१०/ त्या जानेवारीत मुंबईच्या एका कापडगिरणीतील हजारो कामगारांनी नव्या वेळेने काम करण्यास नकार दिला, दगडफेकही झाली. त्यांच्या विरोधामागे तत्त्वज्ञानाचा कोणताही ग्रंथ नव्हता. अंगाला कळणारी पहाट आणि मालकाच्या घड्याळातली सकाळ यांतले अंतर त्यांच्या झोपेतून वसूल होणार होते, एवढे त्यांना पुरेपूर उमगले होते.

११/ मध्यमवर्गाचा रोष निराळा होता. नुकतीच, ऑक्टोबर १९०५ मध्ये, बंगालची फाळणी झाली होती आणि कर्झनशाहीचा प्रत्येक निर्णय संशयाने पाहिला जात होता. फिरोजशहा मेहतांसारख्या नेत्यांचे वजन असलेल्या मुंबई महापालिकेने १९०६ मध्येच आपल्या घड्याळांसाठी मुंबईची वेळ कायम ठेवली. सरकारी कचेऱ्या, रेल्वे आणि तारखाते मात्र प्रमाण वेळेवर गेले.

१२/ मग एकाच शहरात दोन वेळा नांदू लागल्या. कोणी ‘सहाला भेटू’ म्हटले की ‘कोणते सहा?’ हे विचारणे ओघाने आले. सभेच्या वा समारंभाच्या आमंत्रणावर ‘मुंबई टाइम’ की ‘स्टँडर्ड टाइम’ हा खुलासा हवाच. रस्त्यावर दोन सार्वजनिक घड्याळांत ३९ मिनिटांचा फरक दिसला, तर बिघाड कोणत्यातही नसे.

१३/ या कथेत एक गंमत दडलेली आहे. ‘आमची नैसर्गिक वेळ’ म्हणून जी जपली जात होती, ती तरी कुठे निखळ सूर्याची होती? सूर्य वर्षभर सारख्या गतीने चालताना दिसत नाही. छायायंत्र आणि घड्याळ यांत फेब्रुवारीत सुमारे १४, तर नोव्हेंबरच्या आरंभी सुमारे १६ मिनिटांचे अंतर पडते. म्हणून घड्याळाला कल्पित अशा ‘मध्यम’ सूर्यावर चालवावे लागते. मुंबईची वेळही त्या कल्पित सूर्याचीच होती.

१४/ म्हणजे भांडण निसर्ग विरुद्ध कृत्रिमता असे नव्हते. ते दोन करारांमधले होते. एक करार अंगवळणी पडलेला, डोक्यावरच्या सूर्याशी निदान ओळख ठेवणारा. दुसरा कोणालाही न विचारता वरून आलेला. माणसाला वेळ ‘खरी’ वाटते ती खगोलशास्त्राच्या अचूकतेमुळे कमी आणि सवय व संमती यांमुळे अधिक, हे मुंबईने दाखवून दिले.

१५/ याचा पुरावा स्वातंत्र्यानंतर मिळाला. घड्याळ तेच, रेखांश तोच, सूर्यही तोच. पण साम्राज्याची मानली गेलेली वेळ आता देशाची वेळ झाली. कलकत्त्याने १९४८ मध्ये आपली वेळ सोडली, मुंबईने १९५५ मध्ये. ज्या ३९ मिनिटांसाठी एकेकाळी दगड उचलले गेले होते, ती कोणतीही दंगल न होता इतिहासात जमा झाली.

१६/ प्रश्न मात्र मिटलेला नाही. देशाच्या पश्चिम टोकापासून पूर्व टोकापर्यंत सूर्याच्या वेळेत जवळपास दोन तासांचा फरक पडतो. आसामच्या चहामळ्यांत आजही प्रमाण वेळेच्या एक तास पुढे असलेली ‘बागान वेळ’ पाळली जाते आणि ईशान्येकडून स्वतंत्र वेळेची मागणी अधूनमधून होतच असते. एका देशाला एक वेळ असावी, यात सोय आहे खरी. पण त्या सोयीसाठी कोणाला अंधारात उठावे लागते, हे पाहिल्याखेरीज तिचा हिशेब पुरा होत नाही.

(समाप्त)