मोडलेलं बोट : सुश्रुताच्या पट्टीपासून आजच्या तारेपर्यंत

गाडीच्या दारात बोट चेमटतं, पाय घसरून हातावर भार येतो, झेल घेताना चेंडू थेट बोटाच्या टोकावर आदळतो. बोट सुजतं, काळंनिळं पडतं आणि घरात कुणीतरी म्हणतं, "हलतंय ना? मग मोडलेलं नाही." हा समज चुकीचा आहे. मोडलेलं बोटही हलू शकतं.

बोटाच्या उपचारात वैद्यांपुढे पूर्वीपासून दोन प्रश्न आहेत. हाड जुळेपर्यंत बोट स्थिर कसं ठेवायचं? आणि तेवढ्या काळात ते आखडू कसं द्यायचं नाही?

सुश्रुतसंहितेत याची उत्तरं सापडतात. मोडलेलं किंवा सांध्यातून निसटलेलं बोट सरळ बसवावं, बारीक कापडी पट्टीने गुंडाळावं, असं तिथे सांगितलं आहे. हाडांना आधार द्यायला वड, पिंपळ, उंबर, पळस यांच्या साली आणि बांबू वापरत. पट्टी सैल असेल तर हाड स्थिर राहत नाही, फार घट्ट असेल तर सूज आणि वेदना वाढतात, हेही नोंदवलेलं आहे. तळहाताच्या अस्थिभंगानंतरचा व्यायाम तर आजच्या फिजिओथेरपीसारखाच आहे : आधी मातीचा गोळा हातात धरायचा, मग मिठाचा खडा आणि ताकद आल्यावर दगड.

पुढची मोठी भर युरोपात पडली. 1851 मध्ये अँटोनियस मॅथायसेन या डच लष्करी डॉक्टरने प्लास्टर ऑफ पॅरिस चोळलेल्या पट्ट्या तयार केल्या. पट्टी ओली करून गुंडाळली की थोड्याच वेळात कडक व्हायची. पण आतलं हाड नीट बसलंय का, हे अजून बोटांनी चाचपूनच ठरवावं लागे.

1895 च्या डिसेंबरमध्ये रंटजेनने आपल्या पत्नीच्या हाताचा एक्स-रे काढला. बोटांची हाडं आणि अंगठी त्यात स्पष्ट दिसली. तेव्हापासून मोड कुठे आहे, तुकडे सरकलेत का, हे डोळ्यांनी पाहता येऊ लागलं. 1909 मध्ये जर्मन शल्यचिकित्सक मार्टिन किर्शनर यांनी बारीक पोलादी तार वापरात आणली. सरकलेलं हाड जागेवर धरून ठेवायला 'के-वायर' आजही वापरतात.

तरीही आखडण्याचा प्रश्न उरला होता. सपाट फळीवर बोटं ताठ बांधली तर मुठीच्या उंचवट्यावरच्या सांध्यांचे बंध आखूड होतात आणि नंतर मूठ वळत नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या स्टर्लिंग बनेल यांनी जखमी हातांच्या उपचाराला स्वतंत्र शास्त्राचं रूप दिलं. त्यांचं हातावरच्या शस्त्रक्रियेचं पुस्तक 1944 चं. आता हाताला आधार देताना हे सांधे बहुधा वाकवून आणि बोटांचे पुढचे सांधे सरळ ठेवतात.

तुम्ही काय करायचं?

• अंगठी लगेच काढा. सूज वाढली की ती रुतते.
• हात उंच ठेवा. बर्फ कापडात गुंडाळून लावा. बोट ओढू किंवा चोळू नका.
• एक्स-रे काढून घ्या.
• जखम उघडी असेल, बोट वाकडं, थंड, निळसर किंवा बधिर असेल, मूठ वळताना शेजारच्या बोटावर चढत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

हाड सरकलेलं नसेल तर बहुतेक वेळा शेजारच्या बोटाशी चिकटपट्टीने तीन-चार आठवडे बांधणं पुरतं. टोकाचं पेर खाली लोंबत असेल तर ते सहा ते आठ आठवडे सतत सरळ ठेवावं लागतं. मध्ये एकदा जरी वाकलं तरी पुन्हा पहिल्यापासून मोजायचं.

पट्टी सुटली की उपचार संपले, असं समजू नका. डॉक्टर सांगतील तेव्हा मूठ उघडण्या-मिटण्याचा व्यायाम सुरू करा आणि कंटाळा आला तरी सोडू नका. जुळलेल्या हाडाचा उपयोग बोट वळलं तरच आहे.