शिट्टी न वाजवणारा प्रशिक्षक

इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही; जुन्या तक्त्यांमागचा माणूस शोधायचा नाद मात्र आहे. ४८९ विजय, १३८ पराभव, ११ बरोबरी. अमेरिकी महाविद्यालयीन फुटबॉलमधला विजयांचा हा विक्रम बड्या विद्यापीठातल्या कुणाचा असेल, असे मी धरून चाललो होतो. निघाला जॉन गलार्डी यांचा. मिनेसोटातल्या सेंट जॉन्स या बेनेडिक्टाइन साधूंनी स्थापन केलेल्या लहानशा संस्थेत ते १९५३ ते २०१२ अशी साठ वर्षे प्रशिक्षक होते.

मूळ धागा सापडतो कोलोरॅडोतल्या ट्रिनिडाड गावी. १९४३ साली शाळेचे प्रशिक्षक युद्धावर गेले, संघ मोडायच्या बेतात आला, तेव्हा सोळा वर्षांच्या जॉनने तो चालवायला घेतला. खेळाडू म्हणून जे जे नकोसे वाटे, ते त्याने काढून टाकले. घाम काढणाऱ्या कवायती गेल्या. सरावात पाणी पिण्याची मनाई गेली.

पुढे सेंट जॉन्समध्ये शिट्टीही नव्हती. खेळाडू त्यांना 'कोच' न म्हणता नुसते 'जॉन' म्हणत. (आपल्याकडे पी. टी.च्या सरांना अशी हाक मारून पाहावी!) सर्वांत धाडसी गोष्ट म्हणजे सरावात 'टॅकल'ला बंदी. टॅकल म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्याच्या अंगावर झेपावून त्याला आडवा करणे; या खेळाचा तो गाभाच. पण मंगळवारच्या सरावात जायबंदी झालेला मुलगा शनिवारच्या सामन्यात कसा उतरणार, हा त्यांचा साधा हिशेब.

हे सामने खालच्या विभागातले, खेळासाठी शिष्यवृत्ती न देणाऱ्या महाविद्यालयांशी झालेले, असा आक्षेप घेतला जातो. तो रास्त आहे. २००३ मध्ये त्यांनी ग्रॅम्बलिंगच्या एडी रॉबिन्सन यांचा ४०८ विजयांचा विक्रम मागे टाकला. पण वर्णभेदाच्या काळात कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयात संघ उभा करणाऱ्या रॉबिन्सनांपेक्षा त्यांना थोर ठरवायला मी धजणार नाही. चार राष्ट्रीय विजेतेपदेही मला दुय्यमच वाटतात. मला मोल वाटते ते त्या बंदीचे.

डोक्यावरच्या वारंवार आघातांनी मेंदू झिजतो, हे फुटबॉलपटूंच्या शवविच्छेदनांतून या शतकात पुढे आले. २०१० मध्ये डार्टमथने सरावातले टॅकल थांबवले. २०१६ मध्ये आयव्ही लीगच्या प्रशिक्षकांनी हंगामातल्या सरावापुरता तसाच ठराव केला. गलार्डी २०१८ च्या ऑक्टोबरात वारले. त्यांच्या मैदानावर ही बंदी कित्येक दशके आधीपासून होती.