हातावरचे पोट आणि आजारपणाची मजुरी

'ज्याचे हातावर पोट' असा एक शब्दप्रयोग आपल्या भाषेत रूढ आहे. तो आपण इतक्या सहज वापरतो की त्यातील अर्थाच्या कठोरपणाकडे आपले लक्ष जात नाही. हात चालला तर पोट चालते. हाताचे बोट कापले, कंबर धरली, विषमज्वराने गाठले की त्याच दिवसापासून चूल थंडावू लागते. कचेरीतील कारकुनास तीन आठवड्यांचे आजारपण आले तर त्याच्या घरी काळजी येते. गवंड्यास आले तर काळजी येते आणि कर्जही येते. एकीकडे औषधाचा खर्च वाढतो आणि नेमकी त्याच वेळी मिळकत बंद पडते.

विमा म्हटला की आम्हां मध्यमवर्गीयांस मरण आठवते. मुंबईत 1874 साली ओरिएंटल कंपनी निघाली तेव्हापासून आयुष्याचा विमा हा आपल्या घरांत परिचयाचा झाला, आणि कर्त्या पुरुषाच्या मागे बायकामुलांचे काय, हा प्रश्न त्याने काही अंशी सोडविला. परंतु कारागिराचा प्रश्न निराळा आहे. मरणापेक्षा त्यास अंथरुणाचे भय अधिक. मेलेला मनुष्य जेवत नाही. आजारी मनुष्य जेवतो, औषध घेतो आणि कमावीत मात्र नाही. ही गोष्ट कोणा अर्थशास्त्रज्ञाच्या आधी कारागिरांनी स्वतःच ओळखली, आणि आजारपणाच्या मजुरीचा इतिहास त्यांच्यापासूनच सुरू करावा लागतो.

इंग्लंडात अठराव्या शतकात कोष्टी, सुतार, चांभार, शेतमजूर अशा लोकांनी ठिकठिकाणी आपल्या 'मित्रमंडळ्या' स्थापिल्या. महिन्यास ठराविक वर्गणी द्यावयाची, आणि सभासद आजारी पडला की मंडळीने त्यास आठवड्याला ठराविक रक्कम पोहोचवावयाची. मेल्यास दफनाचा खर्च द्यावयाचा. सरकारने 1793 साली कायदा करून या मंडळ्यांस नोंदणीची सोय व उत्तेजन दिले. त्यात परोपकाराहून हिशेबाचा भाग अधिक होता. मंडळ्या जितक्या वाढतील तितका दरिद्री लोकांना पोसण्याचा स्थानिक कर कमी होईल, हे सत्ताधाऱ्यांस दिसत होते.

या मंडळ्यांचा कारभार मोठा मौजेचा असे. बैठक बहुधा दारूच्या गुत्त्यात भरे, कारण गरिबांस दुसरी जागा मिळणार कोठून? गुत्तेवाला जागा फुकट देई, आणि सभासदांनी थोडे मद्य घेऊन त्याची फेड करावी असा संकेत असे. पैशाची पेटी तीन कुलपांची. तीन किल्ल्या तीन निरनिराळ्या कारभाऱ्यांच्या हाती. तिघेही हजर असल्यावाचून पेटी उघडावयाची नाही. अविश्वासाची व्यवस्था इतक्या उघडपणे केली म्हणजे विश्वास आपोआप टिकतो, असे या पेट्यांकडे पाहून आम्हांस वाटते.

खरी अडचण पेटीची नव्हती. ती दुसरीच होती. मनुष्य मेला की नाही याविषयी वाद होत नाही. घर जळाले की नाही हेही दिसते. परंतु अमुक सुताराची पाठ अद्याप दुखत आहे की नाही, हे कोणी सांगावे? आजारपणाच्या मजुरीचा सारा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो. मित्रमंडळ्यांनी त्याचे उत्तर शेजाराने दिले. सभासदांपैकीच एकास पाळीपाळीने 'आजाऱ्यास भेटणारा' नेमीत. तो आठवड्याचे पैसे घेऊन घरी जाई, आणि पैसे देता देता डोळ्यांनी पाहून येई. आजारी म्हणून पैसे घेणारा सभासद रात्री अमुक वेळेनंतर घराबाहेर दिसला, किंवा चोरून काम करताना सापडला, तर दंड. पुन्हा सापडला तर नाव खारीज. नियम कडक खरे, पण जो भेटावयास येई तोही तोच धंदा करणारा असे. गवंड्याची पाठ कशाने धरते हे त्यास कोणी डॉक्टराने शिकवावे लागत नसे.

जेथे या मंडळ्या फसल्या ते स्थळ मात्र निराळे होते. वीस वर्षांचा तरुण आणि पन्नास वर्षांचा प्रौढ यांची वर्गणी सारखी. सुरुवातीस सगळेच तरुण, पेटी भरलेली, मेजवान्या चाललेल्या. वीसपंचवीस वर्षे गेली की तेच सभासद म्हातारे होत, आजारपणे लांबत, आणि पेटीला गळती लागे. नव्या तरुणांनी अशा बुडत्या नावेत का चढावे? ते शेजारच्या गुत्त्यात नवी मंडळी काढीत. जुनी मंडळी मोडे, आणि आयुष्यभर वर्गणी भरलेला म्हातारा नेमका गरजेच्या वेळी उघड्यावर पडे. काही मंडळ्यांनी यावर सोपा तोडगा काढला होता: दर वर्षी नाताळात उरलेला पैसा वाटून टाकावा आणि पाटी कोरी करावी. वर्ष सुखाचे जाई. म्हातारपणाची बेगमी मात्र मुळीच होत नसे.

ही गळती गणिताने थांबवावयास मँचेस्टरच्या 'ऑडफेलोज' या विशाल मंडळीतील हेन्री रॅटक्लिफ हा गृहस्थ पुढे आला. त्याने आपल्याच मंडळीच्या नोंदींवरून 1850 साली वयवार आजारपणाची कोष्टके प्रसिद्ध केली. पुढे आल्फ्रेड वॉटसन याने त्याच मंडळीच्या 1893 ते 1897 या पाच वर्षांच्या नोंदींवरून जी कोष्टके 1903 साली छापली, ती विमाव्यवसायात दीर्घकाळ प्रमाण मानली गेली. विशीतील मनुष्य वर्षाकाठी सरासरी सुमारे एक आठवडा आजारी असतो आणि साठीच्या सुमारास हे प्रमाण कित्येक पटींनी वाढते, हे त्यांतून निःसंशय सिद्ध झाले. धंद्याधंद्यांतील फरकही उघड झाला. खाणीत उतरणाऱ्याचे कोष्टक शेतावर काम करणाऱ्याहून वेगळे ठेवावे लागले. गुत्त्यातील वह्यांत अर्धशिक्षित कारकुनांनी लिहिलेल्या नोंदींतून एक शास्त्र उभे राहिले, ही गोष्ट आम्हांस त्या शतकातील पुष्कळ गाजलेल्या शोधांहून कमी महत्त्वाची वाटत नाही.

याच सुमारास ग्लॉस्टरशर परगण्यातील स्ट्राउड गावी जॉर्ज हॉलोवे नावाच्या कपड्यांच्या कारखानदाराने एक निराळी युक्ती काढली. वर्गणी वयाबरोबर वाढती ठेवावयाची. आजाऱ्यांस द्यावयाचे ते देऊन वर्षअखेर जी शिल्लक राहील ती सभासदांच्या खाती जमा करावयाची. आणि काम सोडण्याचे वय झाले की त्यास ती एकरकमी द्यावयाची. आजारपणाचा विमा आणि म्हातारपणाची पुंजी अशा दोन गोष्टी एका दोरीत ओवल्या गेल्या. या पद्धतीच्या संस्था आजही ब्रिटनमध्ये आहेत, आणि धंदा जोखमीचा म्हणून हप्ता चढवावयाचा नाही, ही रीत त्यांतील कित्येकांनी पुष्कळ काळ पाळली.

या रीतीचे महत्त्व इतर विमा कंपन्यांकडे पाहिले म्हणजे कळते. त्या धंद्यांच्या श्रेणी लावतात. वकील, कारकून पहिल्या श्रेणीत. छपरे शाकारणारा किंवा परांचीवर चढणारा शेवटच्या श्रेणीत, आणि कित्येकदा श्रेणीच्या बाहेरच. हिशेबाच्या दृष्टीने यात अन्याय नाही. करंगळी मोडलेला वकील न्यायालयात उभा राहू शकतो. करंगळी मोडलेल्या सुतारास पटाशी धरता येत नाही. पण परिणाम असा होतो की, ज्यास गरज सर्वांत अधिक त्यासच विमा सर्वांत महाग. बाजारावर सोडलेली ही वस्तू जेथे तिची सर्वांत आवश्यकता तेथे पोहोचत नाही, हे आमचे स्पष्ट मत आहे.

राज्यसंस्थेने यात प्रथम हात घातला तो जर्मनीत. बिस्मार्कच्या 1883 च्या कायद्याने कामगारांस आजारपणात निम्मी मजुरी तेरा आठवड्यांपर्यंत मिळू लागली. वर्गणीचा दोन तृतीयांश वाटा कामगाराचा, एक तृतीयांश मालकाचा. समाजवाद्यांच्या हातचे शस्त्र काढून घेण्याचा त्याचा हेतू सर्वश्रुत आहे. लॉइड जॉर्ज 1908 साली ती व्यवस्था पाहून आले, आणि 1911 चा ब्रिटिश कायदा झाला: पुरुष कामगाराचे चार पेन्स, मालकाचे तीन, सरकारचे दोन, आजारपणात आठवड्यास दहा शिलिंग सव्वीस आठवडे. स्त्रियांस साडेसात शिलिंग. जणू बाईच्या घरी भाकरी स्वस्त मिळत होती! मात्र दोन्ही कायद्यांचा पाया मालक हाच होता. मजुरीतून वर्गणी कापून भरणारा कोणी असेल तरच यंत्र चालावयाचे.

आमच्याकडे खेड्यातील सुताराला, लोहाराला या प्रश्नाचे उत्तर गावगाड्याने आपल्या परीने दिले होते. बलुते हे केलेल्या प्रत्येक कामाचे दाम नव्हते. सुगीच्या वेळी खळ्यावर मिळणारा वर्षाचा वाटा होता, आणि तो हक्क माणसाचा नसून घराचा होता. सुतार आजारी पडला तर भावाने किंवा मुलाने नांगर दुरुस्त करावा. घराचा वाटा चुकत नसे. तथापि या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. ज्या वतनाने वाटा दिला त्याच वतनाने माणसास जन्मभर बांधून ठेविले. डॉ. आंबेडकरांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक आणले ते उगाच नव्हे.

गिरणगावात आलेला मनुष्य बलुत्यास मुकला आणि त्याच्या जागी नवे काही त्यास मिळाले नाही. त्याने जे मिळविले ते स्वतःच उभे केले. एका गावच्या मंडळींनी मिळून घेतलेली खोली, उधारीवर जेवू घालणारी खानावळवाली बाई, आणि फारच बिघडले तर कोकणातल्या घरची वाट, हाच त्याचा विमा. गावी गेलेला कामगार बरा होऊन परते तेव्हा त्याच्या मागावर बदली कामगार उभा असे. पठाणाचे व्याज मात्र आजारात खंडत नसे. घरी चार गुंठे शेत ठेवून त्यात पैसे घालणाऱ्या गिरणी कामगारास 'अर्धा शेतकरी' म्हणून हिणवणारे पुष्कळ होते. ते शेत म्हणजे त्याची आजारपणाची पेटी होती, हे थोड्यांच्या ध्यानात आले.

कायद्याने प्रथम अपघाताकडे पाहिले, कारण तुटलेला हात दिसतो. कामगार नुकसानभरपाईचा कायदा 1923 साली झाला व 1924 च्या जुलैपासून अमलात आला. ताप आणि क्षय मात्र तसेच राहिले. 1929 साली नेमलेल्या व्हिटले कमिशनवर आपले नारायण मल्हार जोशी होते. त्या कमिशनने 1931 च्या अहवालात आजारपणाच्या विम्याचा प्रश्न पुढे ठेविला. त्यानंतर बारा वर्षे पत्रव्यवहारात गेली. अखेर 1943 साली, डॉ. आंबेडकर मजूरखात्याचे सभासद असताना, प्रा. बी. पी. आडारकर यांस योजना आखण्यास सांगण्यात आले, व 1944 साली त्यांचा अहवाल आला. त्यांनी क्षेत्र मुद्दाम लहान ठेविले होते: बारमाही चालणारे कारखाने, कारण तेथे कामगार मोजता येतो, मजुरी समजते आणि वर्गणी कापता येते. त्यावरूनच पुढे राज्य कामगार विमा कायदा झाला.

येथे दोन तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात. तो कायदा 19 एप्रिल 1948 रोजी झाला; वीस किंवा अधिक माणसे असणारे व यंत्रशक्तीवर चालणारे कारखाने तेवढे त्याच्या कक्षेत होते. त्याच वर्षी 5 जुलैला ब्रिटनमध्ये नवा राष्ट्रीय विमा सुरू झाला, आणि त्यात स्वतःच्या हिमतीवर काम करणारा सुतार, नळकारागीरही आजारपणाच्या पैशास पात्र ठरला. आमची योजना 24 फेब्रुवारी 1952 रोजी कानपूर व दिल्ली येथे आणि 1954 साली मुंबईस आली. वर्षास छप्पन दिवसांची मदत वाढत वाढत एक्याण्णव दिवसांवर गेली, मजुरीच्या सत्तर टक्क्यांपर्यंत पोहोचली. लहान आस्थापनेही कक्षेत आली. तिने लक्षावधी घरे सावरली, यात शंका नाही. पण ज्याचा मालक रोज बदलतो तो दाराबाहेरच राहिला. ब्रिटनमध्येही 1983 पासून मालकाने द्यावयाची आजारपणाची मजुरी सुरू झाली ती नोकरांपुरतीच.

मालक नसलेल्यांसाठी काही करता येत नाही असे म्हणणाऱ्यांस महाराष्ट्राने एक उत्तर दिले आहे. अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीतून 1969 साली माथाडी कायदा झाला. हमाल आज या गाळ्यावर, उद्या त्या. म्हणून व्यापाऱ्यांनी मजुरी व तिच्यावरील आकार मंडळाकडे भरावा आणि मंडळाने तो हमालास मजुरी, भविष्यनिधी, रजा, औषधोपचार या रूपांनी पोहोचवावा, अशी योजना झाली. मालक शंभर असले तरी पेटी एक असू शकते, हे त्यावरून दिसले. बांधकाम कामगारांकरिता 1996 च्या कायद्याने इमारतीच्या खर्चावर उपकर बसविला. मात्र दहा लाखांपर्यंतचे स्वतःचे राहते घर त्यातून वगळले, आणि जमलेला पैसा कामगारांपर्यंत न गेल्याबद्दल 2018 साली सर्वोच्च न्यायालयास कडक शब्द वापरावे लागले.

आमच्या घरी दोन दिवस दार बसविण्यास येणारा सुतार यांपैकी कोणत्याच मंडळाच्या वहीत बसत नाही. त्याचे मालक आम्हीच, पण दोन दिवसांचे. त्याच्यापाशी भिशी असते. दहावीस जण महिन्याला ठराविक पैसे टाकतात, चिठ्ठी निघते, ज्याचे नाव येईल त्यास रक्कम मिळते. तीत शेजारची ओळख आहे, हिशेबाची सचोटी आहे, एकमेकांच्या धंद्याची माहितीही आहे. गुत्त्यातल्या त्या मंडळ्यांपाशी याहून अधिक काही नव्हते. चिठ्ठी मात्र नशिबाने निघते, आणि त्या महिन्यात कोण अंथरुणास खिळला आहे हे ती सहसा विचारीत नाही.