गिरगावच्या अंधारातले दोन कान

सन १८९२. श्रावणातली तिन्हीसांज. तुम्ही खोताच्या वाडीत उभे आहात, सर नुकतीच ओसरलीय. सांडपाण्यावर अळू माजलंय. एका देठावर काळपट अळी आहे. दोन्ही कुशींवर पिवळ्या डोळ्यांची रांग, शेपटाला शिंग. ती आणखी काही दिवसांनी जे होणार, ते पलीकडे तेरड्याच्या फुलापुढे अधांतरी थरथरतंय: तपकिरी हॉकमॉथ, पाठीवर जोडीनं गेलेल्या दोन रुपेरी रेघा, लांब सोंड फुलात. शास्त्रात याचा वंश थेरेट्रा.

वर कौलांच्या फटीतून पिवळ्या पोटाचं वाघूळ निसटतं. वजन तीन-चार तोळे. ते गिरकी घेतं, आणि त्याच क्षणी पतंग फूल सोडून खाली झेपावतो. तुम्हाला मात्र काहीच ऐकू आलेलं नाही.

अपोलो स्ट्रीटवर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत जा. ब्लॅनफर्डच्या ग्रंथात वाघळं आहेत, हॅम्पसनच्या यंदाच्या ग्रंथात पतंग. पण वाघूळ काळोखात वाट कशी काढतं, हे तिथं कुणीच सांगू शकणार नाही.

त्यासाठी १९३८ गाठा. अमेरिकेत हार्वर्डला ग्रिफिन आणि पियर्स यंत्रावर वाघळाची हाक पकडतात. माणसाचा कान २० किलोहर्ट्झपाशी थकतो, ही हाक त्याच्या वरची. वाघूळ ओरडतं आणि प्रतिध्वनीवरून भक्ष्य हेरतं. थेरेट्राच्या गोतातल्या पतंगांचे कान सोंडेच्या मुळाशी असतात, आणि ते हीच हाक टिपतात. २०१३ साली तर बोर्निओत याच वंशातले पतंग वाघळाला उलट आवाज देताना नोंदले गेले.

एक सस्तन, पिल्लाला दूध पाजणारं, वर्षानुवर्षं जगणारं. दुसऱ्याच्या वाट्याला पंखांचे दिवस मोजकेच. तरी मला नवल पतंगाचंच अधिक वाटतं. एवढ्याशा देहात शत्रूचं बोलणं कळणारा कान!

आता आजच्या गिरगावात या. रस्ता रात्रभर लख्ख उजळलेला. पाऱ्याच्या दिव्यांखाली पतंगांची ही निसटायची चपळाई मंदावते, हे प्रयोगांत दिसलंय; म्हणजे आपल्या उजेडानं डाव वाघळाकडे झुकतो. म्हणून एवढं करा: गॅलरीतला दिवा झोपताना मालवा, कुंडीत तेरडा लावा, आणि अळूवर शिंगवाली अळी दिसली तर ते एक पान तिला सोडा.